टपावरची जागा

पुंडलिक, उद्याचा रविवार ठरला होता तसाच आहे. मी तो पुढे ढकललेला नाही. कोर्टातल्या मंडळींनी, गल्लीतल्या म्हाताऱ्यांनी, घरच्यांनी, सगळ्यांनी सुचवून पाहिलं की आता कशाला, यंदा राहू द्या. मी कोणाशीच वाद घातला नाही. वाद घालायची माझी सवय तुझ्यापुरती होती, ती दुसऱ्या कोणावर खर्च करावीशी वाटत नाही.

तुला जाऊन महिना होत आला. तेराव्याला लोक तुझ्याबद्दल पुष्कळ चांगलं बोलले. ड्रॉइंग मास्तर किती शांत, किती समजूतदार, कधी कोणाला उलट बोलले नाहीत. मी मागच्या सतरंजीवर बसून ऐकत होतो आणि मला प्रश्न पडला की हा कोणता पुंडलिक? माझ्या वाट्याला आलेला तर रस्त्यातल्या म्हशीशीसुद्धा हुज्जत घालायचा. पण तिथे काही बोललो नाही. तुझ्याशी बोलायचं ते तुझ्याशीच बोलावं म्हणून आज दिवेलागणीला बसलोय.

आपला बेत म्हणजे काही दिल्ली गाठायची नव्हती. बुलढाणा वर डोंगरावर, खामगाव, नांदुरा, मोताळा खाली सपाटीवर. एका घाटानं खाली उतरायचं, सपाटीवरून फिरून यायचं आणि दुसऱ्या घाटानं वर चढायचं, बोथ्याचा एक आणि राजूरचा एक. सगळा फेरा एका दिवसात, उजेडात, भाड्याच्या नव्हे, स्वतःच्या सायकलीवर. घाटात पाय जमिनीला लावायचा नाही. ट्रकची साखळी धरायची नाही. एवढंच. आणि एवढ्यासाठी आपण दोन हिवाळे आणि एक उन्हाळा घालवला.

साखळीचं तुला आठवतं ना? कापूस खाली टाकून रिकामे ट्रक घाट चढायचे, इतके हळू की मागे लोंबणारी साखळी धरून सायकलवाले आरामात वर यायचे. एकदा आपण धापा टाकत होतो आणि ट्रकच्या मागे बसलेल्या हमालानं साखळी हलवून दाखवली.

"धरा ना मास्तर, फुकटात हाये."

"तुह्या ट्रकालेच मी ओढून नेतो, थांब जरा," तू ओरडलास. ट्रक निघून गेला आणि पुढच्याच वळणाला आपण दोघंही उतरलो.

ते वळण. राजूरच्या घाटातलं, चिंचेपाशी. त्याला तू 'सासरेबुवा' म्हणायचास. रस्त्यात सासरा दिसला की जावई सायकलवरून उतरतो, हँडल धरून उभा राहतो, ते निघून गेले की मगच पुन्हा टांग मारतो. तसंच त्या वळणावर व्हायचं. कितीही जोर लावून या, चिंच दिसली की आपण अदबीनं खाली. तू तर एकदा टोपी काढून चिंचेला रामराम केलास आणि समोरून बैलगाडीत बसून येणारी बाई पदर तोंडाला लावून हसत गेली. आपण तो घाट किती वेळा चढलो असू, पण सासरेबुवांना बसल्या सायकलीवरून ओलांडलं नाही. तू नाही आणि मीही नाही.

माझ्या पायाचं बोलतो आता. तू होतास तोवर या विषयावर मी कधी बोललो नाही, आणि तूही तो काढला नाहीस. लहानपणीच्या तापानं डावा पाय बारीक राहिला, जरा आखूडही. बुलढाण्यात मला सायकल शिकू नको म्हणून सांगणाऱ्यांची कमी नव्हती. सगळे मायेनं सांगायचे. त्या मायेचा मला इतका कंटाळा आला होता की शाळेच्या मैदानावर भाड्याची सायकल घेऊन एकटाच पडत होतो. तू व्हरांड्यातून पाहत होतास. आपली ओळख नव्हती. तू खाली आलास, मला उचललं नाहीस, सायकल उचललीस.

"पाय बारीक आहे म्हणून जमत नाही," मी म्हटलं.

"एक पाय अर्धा हाये तं दुसरा दीड कर ना बे," तू म्हणालास. "त्यात काय एवढं?"

दुसऱ्या दिवशी तू बाभळीचा ठोकळा तासून आणलास आणि डाव्या पायडलवर तारेनं आवळून बसवलास. त्या ठोकळ्यावर मी अख्खा तालुका फिरलो. पुंडलिक, त्या एका वाक्यानं माझं आयुष्य बदललं आणि मी ते तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, "बरं, मग चहा पाज." म्हणून राहून गेलं. तू कधी माझ्यासाठी थांबला नाहीस, वेग कमी केला नाहीस, चढावर मागे वळून पाहिलं नाहीस. याच्याइतका मान मला कोणी दिला नाही.

बेत आखायचा तो तुझ्या वर्गातल्या मागच्या फळ्यावर, रविवारी. रंगीत खडू तुझेच. डोंगर तपकिरी, सपाटी हिरवी, रस्ता पांढरा, आणि जिथे पाणी मिळेल तिथे निळा ठिपका. अंतर काढायची तुझी पद्धत म्हणजे रस्त्याकडेचे दगड वाचून यायचे आणि बेरीज करायची. त्या बेरजेनं आपल्याला कसं नाचवलं ते आठवून मला परवा एकट्याला हसू आलं. खामगाव ते नांदुरा एवढी लांब पल्ल्याची सडक निघाली की तू नांदुऱ्याला मुक्काम ठरवलास. धर्मशाळेत झोपायचं, कांबळी न्यायची, वहिनींना दशम्या करायला सांगायच्या. पंधरवडाभर आपण त्या मुक्कामाची तयारी करत होतो. मग मी एकदा कोर्टाच्या कामानं त्या रस्त्यानं गेलो आणि दगड नीट पाहिले. मोठ्या सडकेवरचे मैलांचे दगड काढून सरकारनं किलोमीटरचे बसवले होते, आणि आपल्या घाटांच्या रस्त्यांवर अजून जुने मैलांचेच उभे होते. आपण दोन्ही आकडे एकाच बेरजेत घातले होते.

"काऊन हसून राह्यला बे वासू?" तू विचारलंस.

मी सांगितलं. तू फळ्याकडे पाहून म्हणालास, "म्हंजे सरकारनं आपला फेरा कमी केला. बरं झालं, एका दिवसात बसते." चूक झाली असं काही तू म्हणाला नाहीस. फळा पुसलास आणि नव्यानं काढायला घेतलास.

आणि ती फांदी! राजूरचा घाट उतरताना ब्रेक तापतात म्हणून तू गाडीवानांची युक्ती काढलीस. ते उतारावर गाडीमागे ओंडका बांधतात, आपण कॅरिअरला पळसाची फांदी बांधू, ती रस्त्यावर घासत येईल, सायकल आवरेल. सायकल आवरली. फांदी तुझ्या सायकलीमागे होती आणि मी तुझ्या मागे होतो. तुझ्या फांदीनं उडवलेली घाटाची सगळी धूळ मी खाल्ली. राजुरात चहाच्या दुकानापाशी उतरलो तेव्हा दुकानवालीनं माझ्याकडे पाहून तुला विचारलं, "हे कोन आनलं मास्तर, पीठगिरणीतून?" तू इतका हसलास की फांदी सोडायची राहिली आणि तशीच ओढत तू दुकानाच्या दारापर्यंत गेलास. तिनं आधी अंगण झाडायला लावलं, मगच चहा दिला.

आता ज्यावरून आपलं बिनसलं ते.

फेरा कोणत्या बाजूनं करायचा? माझं म्हणणं पहिल्यापासून एकच. पहाटे राजूर उतरावा, मोताळा, नांदुरा, खामगाव करत दुपार काढावी आणि उन्हं कलताना बोथ्याचा घाट चढावा. बोथ्याचा चढ लांब आहे पण सोसवणारा आहे, दोन्ही बाजूंनी जंगल, सावली. तुझं म्हणणं नेमकं उलटं. सकाळी बोथ्यानं उतरायचं आणि शेवटी, थकल्यावर, दुपारच्या उन्हात, राजूर चढायचा. सासरेबुवांसकट. हे शहाण्या माणसाचं म्हणणं नव्हतं, आणि मी ते तुला सांगितलं.

"बोथ्याच्या जंगलात संध्याकाळी अस्वल येते," तू म्हणालास.

"अस्वलाले सांगू, ड्रॉइंग मास्तर हायेत."

एरवी तू हसला असतास. त्या दिवशी नाही हसलास. खडू खाली ठेवलास आणि म्हणालास, "तुले बोथ्याचीच हौस असन तं एकटा जाय. मी नाई येत."

मला फार लागलं ते. मीही टोपी उचलली आणि निघालो. व्हरांड्यात येऊन तू हाक मारशील म्हणून फाटकापाशी जरा रेंगाळलो. तू आला नाहीस. पोळा होऊन थोडे दिवस झाले होते. मी मनात म्हटलं, आठवडाभर बोलायचंच नाही याच्याशी. तो आठवडा पुरा व्हायच्या आत एका सकाळी कोर्टात निरोप आला की मास्तर गेले, उठलेच नाहीत.

त्या दिवसापासून तुझं ते "एकटा जाय" माझ्या कानातून जात नव्हतं. मग मी ठरवलं, जातोच एकटा. माझ्या बाजूनं जातो. राजूर उतरून बोथा चढतो आणि तुला दाखवून देतो. मेलेल्या माणसाला काय दाखवायचं, हे मला कळत होतं. पण दुसरं काही सुचत नव्हतं आणि हातपाय हलत होते ते या ठरवण्यामुळेच. रोज कोर्ट सुटलं की घाटमाथ्यापर्यंत जाऊन यायचो.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मोताळ्याला गेलो. नांदुऱ्याकडची काळ्या मातीची वाट वाळली की नाही ते पाहायचं होतं. ओल राहिली तर माती मडगार्डात बसते आणि चाक फिरत नाही, हे आपण एकदा चांगलंच शिकलोय. वाट वाळली होती. स्टँडवर चहा घेत होतो तर मलकापूरहून बुलढाण्याला जाणारी दुपारची गाडी लागली. कंडक्टर खाली उतरला, माझी सायकल पाहिली, पायडलवरचा ठोकळा पाहिला आणि जवळ आला.

"तुम्ही मास्तरचे दोस्त ना? मंग येत्या रविवारी कोन येऊन राह्यलं टपावर?"

मला काही कळलं नाही.

"मास्तरनं सांगून ठेवलं व्हतं ना. दसऱ्यानंतरच्या रविवारी मोताळ्याहून एक मानूस, एक सायकल. टपावर जागा ठेवजो म्हने. सायकल बांधाले दोरी बी घेऊन येतो म्हने."

मी त्याला तुझी बातमी सांगितली. त्याला माहीत नव्हतं. तो हातातली तिकिटांची पेटी चाळवत गाडीत चढला.

आणि पुंडलिक, मला तुझा असा राग आला की काय सांगू. एक माणूस, एक सायकल! तो माणूस मी, ती सायकल माझी, एवढं समजायला मला वेळ लागला नाही. म्हणून राजूर शेवटी! त्या रस्त्यावर दुपारची गाडी आहे, बोथ्याच्या जंगलात नाही. लंगड्याचा पाय मोताळ्यात बोलला की त्याला टपावर टाकायचा आणि आपण चढायचं. इतकी वर्षं तू एकट्यानं मला सवलत दिली नव्हतीस, आणि शेवटी तूही मायेवर आलास. मी त्या रागात घाट चढायला लागलो. रागानं चढ निघतो असं लोक म्हणतात. चिंचेपाशी मी उतरलोच.

तसाच, धुळीनं भरलेला, तुझ्या घरी गेलो. कमलवहिनी ओट्यावर तूर निवडत बसल्या होत्या. इतक्या दिवसांत मी त्यांच्यासमोर तुझ्याबद्दल वाकडा शब्द काढला नव्हता. त्या दिवशी काढला.

"मले टपावर टाकनार व्हता तो, वहिनी. मले!"

वहिनींनी सूप खाली ठेवलं.

"तुमाले कायले टाकतीन, भाऊजी? टपावर त्याईची सायकल जानार व्हती."

मग त्यांनी सांगितलं ते असं. श्रावणापासून तुला धाप लागायची. शाळेच्या पायऱ्यांवर तू दोनदा बसून गेला होतास. डॉक्टरनं सायकल बंद कर म्हणून बजावलं होतं आणि वहिनी रोज भांडत होत्या. तू त्यांना म्हणाला होतास, उतार आहे, सपाटी आहे, तेवढं हळूहळू निघेल, मोताळ्यापर्यंत जातो. तिथून मी टपावर.

"म्या म्हनलं, भाऊजीले सांगून टाका ना मंग. तं म्हने, सांगजो नको. माहं दुखनं कळलं तं वासू जानारच नाई. मी टपावर बसतो आन् वरून पायतो. वासू चढते, म्हने. त्या चिंचेपाशी यावेळी तो नाई उतरत. मी नाई चढलो तरी तो चढते."

मी ओट्याच्या कडेवर बसलो. वहिनींनी पाणी आणून दिलं, ते हातात तसंच राहिलं. मी रडलो, पुंडलिक. तेराव्याला रडलो नव्हतो, तिथे त्या तुरीच्या सुपाशेजारी रडलो. तू मला सांगायला हवं होतंस. मी बेत रद्द केला असता, हे खरं आहे. तू ओळखलंस तेही खरं आहे. तरी सांगायला हवं होतंस. हा वाद मी सोडलेला नाही आणि सोडणारही नाही. पण त्या दिवशी तू हसला नाहीस ते माझ्यावर चिडून नव्हे, एवढं आता कळलंय, आणि एवढ्यानं मला पुन्हा झोप लागायला लागली.

निघताना वहिनी म्हणाल्या, "सायकल न्या त्याईची. पडून राह्यली तं गंज चढनार."

मी आणली. दोन दिवस तिच्यामागेच आहे. तुझी टांग लांब, म्हणून सीट खाली घ्यावं लागलं. ते गंजून बसलं होतं, रॉकेल सोडलं तेव्हा सुटलं. माझ्या सायकलीवरचा बाभळीचा ठोकळा काढून तुझ्या डाव्या पायडलवर आवळला. साखळीला तेल दिलं. तुझी घंटा अजूनही वाजवली की अडकते, ती मी दुरुस्त केलेली नाही. वहिनी पहाटे भाकरी आणि ठेचा बांधून देणार आहेत. वर, घाटमाथ्यावर, दुपारी येऊन थांबेन म्हणाल्या. मी नको म्हटलं नाही.

तेव्हा ऐक. उद्या मी तुझ्या बाजूनं जाणार आहे. बोथ्यानं खाली, राजूरनं वर. ही दिशा शहाणपणाची नाही असं माझं मत आजही आहे आणि परत आल्यावरही राहील. पण मी बोथ्यानं चढलो तर तू ज्यावर पैज लावली होतीस ते घडलं की नाही, ते कधी कळणारच नाही. चिंचेपाशी मी उतरणार नाही. सासरेबुवांना काय वाटायचं ते वाटो. पाय लटपटले तरी चालतील, उजवा दीड आहेच, डाव्याखाली तुझा ठोकळा आहे.

आज दुपारी बुलढाण्याच्या स्टँडवर गेलो होतो. तोच कंडक्टर भेटला.

"उद्या टपावर जागा नको," मी त्याला सांगितलं.

"काऊन? येऊन नाई राह्यले का तुम्ही?"

"येऊन राह्यलो ना. मास्तरचीच सायकल घेऊन येऊन राह्यलो. पन ती टपावर नाई चढनार आता. घाट चढनार हाये."